मधाचं बोट

अडुळशाचं पान सहजासहजी रस देत नाही. तुळशीची चार पानं तळहातावर चोळली तरी हात ओला होतो. अडुळशाची मूठभर पानं पाट्यावर वाटा, फडक्यात घालून जीव खाऊन पिळा, चमचाभर रस निघताना नाकीनऊ येतात. बाकी सगळा चोथा. म्हणून त्याला भाजावं लागतं.

माझी आजी, आईची आई, वाईहून पसरणीच्या घाटाकडे जाताना लागणाऱ्या एका गावात राहायची. परसाच्या कुंपणाला अडुळसाच होता, पुरुषभर उंच. आमच्यापैकी कुणाची छाती भरली की ती संध्याकाळी कुंपणापाशी जायची आणि जून पानं निवडून खुडायची. कोवळी तिला चालत नसत, पिवळी पडायला आलेली हवी असत. ती पाट्यावर ठेचून पेरूएवढा गोळा करायचा. गोळा वडाच्या पानांत गुंडाळायचा, केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचा आणि वरून बोटभर जाडीचा चिखल थापायचा. मग तो चुलीतल्या निखाऱ्यांत पुरून ठेवायचा आणि वाट बघायची. चिखल सुकतो, तडकतो, हळूहळू तांबूस होतो. वडाचं पान करपल्याचा वास यायला लागला की आजी चिमट्यानं गोळा बाहेर ओढायची, वरवंट्याच्या एका टोल्यात फोडायची आणि आतला वाफाळता पाला फडक्यात घेऊन पिळायची. तिचे तळवे लाल व्हायचे. वाटीत हिरवट तपकिरी रस पडायचा आणि स्वयंपाकघरभर फार उकळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा वास पसरायचा.

रस लगेच मिळत नसे. तो कोमट होऊन गार व्हायची वाट बघायची, कारण गरम पदार्थात मध घालायचा नाही हा तिचा कडक नियम. गार झाला की मध आणि चिमूटभर पिंपळीची पूड. जिभेवर आधी गोड लागायचं आणि मग मागून असा कडूपणा यायचा की डोळे मिटायचे. या सगळ्या प्रकाराला आयुर्वेदात ‘पुटपाक’ म्हणतात, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आजीला तो शब्द माहीत नव्हता. ती म्हणायची, ‘अडुळसा भाजला.’

या झाडाला संस्कृतात नावं तरी किती! वासा, वासक, वृष, आटरूषक. त्यातली दोन मला फार आवडतात. एक वैद्यमाता, म्हणजे वैद्यांची आई. दुसरं सिंहास्य, सिंहाच्या तोंडाचं. हे दुसरं नाव पटायला हिवाळ्यात फुललेलं झाड जवळून बघायला हवं. पांढरं फूल दोन ओठांत उघडतं. वरचा ओठ पुढे झुकलेला, खालचा रुंद, त्यावर जांभळट गुलाबी रेषा. आ वासलेला जबडाच तो. काळा भुंगा येऊन खालच्या ओठावर बसला की अख्खं फूल त्याच्या वजनानं वाकतं. आम्ही पोरं ती फुलं उपटून मागचं टोक चोखायचो. तिथे मधाचा एक थेंब असतो. पानं एवढी कडू आणि फुलाच्या बुडाशी गोड थेंब, याचं तेव्हा आम्हाला नवल वाटायचं नाही. आता वाटतं.

शेळी या झाडाला तोंड लावत नाही, म्हणूनच ते कुंपणाला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली वनस्पतींना नावं दिली तेव्हा याला ‘जस्टिसिया अधाटोडा’ म्हटलं. त्यातलं अधाटोडा हे दक्षिणेतल्या बोलीतून उचललेलं आहे. तमिळमध्ये झाडाला ‘आडातोडै’ म्हणतात, आणि शेळी ज्याला शिवत नाही ते, असा त्याचा अर्थ सांगतात. शेतकऱ्याच्या नजरेतून पडलेलं नाव शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसलं, याचा मला आनंद होतो. पावसाळ्यात वीतभर फांदी मातीत खोचली की अडुळसा जगतो. लाड मागत नाही.

आजी औषध देण्याआधी खोकला ऐकायची. ‘आधी खोकून दाव,’ म्हणायची, आणि आपण खोकत असताना दुसरीकडे बघत राहायची, गाणं ऐकावं तशी. कोरडा, ढास लागणारा खोकला असला तर अडुळसा नाही. त्याला ज्येष्ठमधाची कांडी चघळायला. डांग्या खोकला असला तर थेट वाईला दवाखान्यात. छातीत घरघर वाजणारा, कफ सुटत नाही असा ओला खोकला असला तरच अडुळसा. वैद्यकाच्या ग्रंथांत खोकल्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वात, पित्त आणि कफ यांच्यापासूनचे तीन, छातीला इजा होऊन होणारा चौथा आणि क्षयाचा पाचवा. आजीचे प्रकार तिचे तिनं पाडलेले होते, पण कान तोच. पोटुशी बाई दारात आली तर तिला ती अडुळशाचा पाला हातातही देत नसे. गर्भाशय आकुंचित करण्याचा गुण या झाडात आहे, त्यामुळे गरोदरपणात ते टाळायचंच. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ते अगदी बरोबर होतं.

आणि थुंकीत रक्त दिसलं असं कुणी सांगितलं, तर ती चुलीपासून उठायची. पाला बाजूला ठेवायची. ‘एसटी कधी हाय ते बघ,’ एवढंच. त्या वेळी तिचा चेहरा मिटून जायचा. मला वाटायचं, रक्ताला भ्यायली.

त्यामागची गोष्ट तिनं सांगितली ती २०१४ साली. तेव्हा ती ऐंशीची होती आणि पुण्यात माझ्याकडे राहत होती.

तिला एक थोरला भाऊ होता. ती त्याला दादा म्हणायची. सातारा भागातली कितीतरी तरणी पोरं तेव्हा मुंबईला गिरण्यांत जात, तसा तोही गेला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. दोन वर्षांत परत आला तो खोकतच. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, अंगावरचं मास उतरलेलं. मग एका सकाळी थुंकीत रक्त. घरात मोठ्यानं कुणी रोगाचं नाव घेतलं नाही. वाईच्या एका वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली आणि एक श्लोक म्हटला. आजीला तो पाठ नव्हता, पण अर्थ लक्षात होता. श्लोक पुढे मी शोधून काढला. पुष्कळ वैद्यांच्या तोंडी असतो तो. जोवर अडुळसा आहे आणि जगण्याची आशा आहे, तोवर रक्तपित्ताच्या (म्हणजे अंगातून रक्त पडण्याच्या), क्षयाच्या, खोकल्याच्या रोग्यानं खचायचं कशाला, असा त्याचा भाव आहे.

‘जोवर अडुळसा हाय,’ आजी म्हणाली. ‘आन् कुंपान भरून अडुळसा हुता की आमच्या.’

दिवसातून दोनदा पुटपाक सुरू झाला. वैद्यांनी बजावलं होतं की मधाशिवाय गुण यायचा नाही. मध औषधाला आत पोचवतो. मध महागाचा. डोंगरातून कुणी सातेरी माशीचा मध घेऊन उतरलं की आजीचा बाप धान्य देऊन तो घ्यायचा. फडताळात वरच्या फळीवर मातीचं बुटकं भांडं, त्यावर फडकं बांधलेलं. घरात दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नव्हता. आजी तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती, आणि त्या वर्षी घरात गोड म्हणून काही होत नव्हतं.

ती पाटावर चढून फडक्याची गाठ सोडायची, बोट बुडवायची, चाटायची आणि गाठ पुन्हा तशीच मारायची. रोज नाही. पण पुष्कळदा.

१९४६च्या थंडीत दादा गेला. अडुळसा फुलला होता तेव्हा. दहाव्याला बायका बसल्या असताना आजीची आई कुणाला तरी म्हणाली, ‘मध पुरला न्हाई माझ्या लेकराला.’

आजी एवढं सांगून थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. अडुसष्ट वर्षं ते वाक्य तिनं पोटात ठेवलं होतं. लग्न झालं, पाच बाळंतपणं झाली, नवरा गेला, नातवंडांना भाजून भाजून अडुळसा दिला, प्रत्येक वेळी मधाची बाटली हातात घेतली, आणि दर वेळी हेच मनात येत असणार.

त्या रात्री मला झोप आली नाही. राग आला होता, आणि तो वैद्यांवर नव्हता. बिचाऱ्यांच्या हातात दुसरं होतं तरी काय? घाटाच्या वर, १३०० मीटर उंचीवर, पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलीमोरियांनी १९१२ सालीच क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम उघडलं होतं. आजीच्या घरातून डोंगराची ती कड दिसायची. पण तिथंही तेव्हा रोग मारणारं औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं हेच उपचार. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवून दिला तो १८८२ मध्ये. त्या जंतूला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मिळालं. क्षयावरचंच दुसरं औषध, आयसोनियाझिड, वापरात यायला १९५२ उजाडलं. दादा या दोन सालांच्या मधल्या फटीत सापडला होता. पसरणीच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याच्या घरात १९४६ साली त्याला वाचवेल असं काहीच पोचणार नव्हतं.

माझा राग होता त्या श्लोकातल्या आश्वासनावर. ‘अडुळसा असताना खचायचं कशाला’ हे आजारी माणसाला धीर देणारं वाक्य आहे, हे मला समजतं. पण औषधाचं माहात्म्य इतकं वाढवून ठेवलं, की माणूस गेल्यावर दोष कुणाच्या तरी पदरात पडतो. औषध तर अचूक होतं, मग चुकलं कुणाचं? मध कमी पडला. पथ्य मोडलं. उशीर केला. घरातली सगळ्यात लहान मुलगी बोट चाटत होती.

आणि खरं सांगायचं तर ग्रंथ याहून प्रामाणिक आहेत. प्राचीन आचार्य राजयक्ष्म्याला, म्हणजे क्षयाला, रोगांचा राजा म्हणतात. कोणता रोगी बरा होईल आणि कोणता नाही याची लक्षणं सांगतात. ज्याचं मास आणि बळ पार क्षीण झालंय, त्याच्या बाबतीत वैद्यानं यशाची खात्री देऊ नये, असं त्यांचं मत आहे. ही सावधगिरी शास्त्रात आहे. लोकांच्या तोंडी मात्र श्लोकच राहिला. आजही फोनवर फिरणारे निरोप वाचले की मला तेच दिसतं: अमुक पान सात दिवस घ्या, फुप्फुसं धुऊन निघतील. असं लिहिणाऱ्याला वाटत असतं, आपण झाडाचा मान वाढवतोय.

अडुळशाचा खरा मान मला दुसऱ्याच ठिकाणी सापडला. आजीची गोष्ट ऐकल्यानंतर काही महिन्यांनी माझ्या मुलाला ओला खोकला झाला. डॉक्टरांनी सिरप दिलं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, अँब्रॉक्सॉल. मी सवयीनं त्या शब्दाच्या मागे लागले. १८८८ साली नीलगिरीत, सिंकोना आणि क्विनाइनच्या कामावर असलेले रसायनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी अडुळशाच्या पानांतून एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं गुणकारी रसायन, वेगळं केलं. वासा या नावावरून त्याचं नाव झालं व्हॅसिसिन. पुढे युरोपातल्या संशोधकांनी त्या रेणूच्या रचनेवरून नवीन रेणू बनवला, ब्रोमहेक्सिन, आणि ते १९६३ साली बाजारात आलं. चिकट, घट्ट कफ पातळ करून तो सुटायला मदत करतं. ब्रोमहेक्सिन शरीरात गेल्यावर त्याचं जे रूपांतर होतं, ते अँब्रॉक्सॉल.

मी ती बाटली हातात धरून स्वयंपाकघरात उभी होते. त्यातला एकही थेंब पानातून आलेला नव्हता, सगळं कारखान्यात बनलेलं. तरी त्याची वंशावळ आजीच्या कुंपणापर्यंत पोचत होती. आजीनं कान देऊन ज्या खोकल्याला अडुळसा निवडला, घरघरणारा, कफ न सुटणारा, त्याच खोकल्याला ही बाटली होती. तिचं बरोबर होतं. तेवढंच बरोबर होतं, आणि तेवढं पुष्कळ आहे. कफ सैल करणं, श्वासाच्या नळ्या थोड्या मोकळ्या करणं, हे त्या झाडाचं काम आहे. क्षयाच्या जंतूला हरवणं हे त्याचं काम नाही. ते काम त्याच्यावर लादून आपणच त्याला खोटं पाडतो.

आज दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला सांगतात. सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. नेहमीच्या क्षयाला साधारण सहा महिन्यांचा उपचार पुरतो. पोषणासाठी रोग्याच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे मी दिसेल त्याला सांगते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी मी आजीकडची फांदी आणून लावली आहे. पाला मागायला लोक येतात. मी आधी विचारते, खोकला किती दिवसांचा, ताप येतो का, वजन उतरलंय का, थुंकीत काही दिसलं का. काहींना ते आवडत नाही. पाला मागायला आलो आणि ही चौकशी कसली, असं वाटतं त्यांना. वाटू दे.

आजीला हे सगळं सांगायला मला आणखी एक वर्ष लागलं. तिच्यासमोर सालं आणि रेणू मांडून काय करायचं? शेवटी ते तिच्या आजारपणातच निघालं. २०१५ च्या डिसेंबरात तिची छाती भरली. डॉक्टर तपासून गेले, एक्स-रे झाला, औषध सुरू झालं. तरी ती म्हणाली, अडुळसा भाज.

फ्लॅटमध्ये निखारे कुठले? मी माळ्यावरून जुनी शेगडी काढली, लोणारी कोळसा आणला आणि बाल्कनीत पेटवला. वडाची पानं रस्त्यावरच्या झाडाची. चिखल कुंडीतल्या मातीचा. पहिला गोळा फुटून निखाऱ्यात सांडला. दुसऱ्याला मी माती जाड थापली. आजी खुर्चीत शाल पांघरून बसली होती आणि तिथूनच सांगत होती, ‘अजून न्हाई. अजून काळा हाय तो. तांबडा हू दे.’

वाट बघत असताना मी बोलले. म्हटलं, ‘आजी, दादांना जो रोग झाला होता ना, त्याच्या जंतूच्या अंगावर मेणासारखं कवच असतं. फार चिवट. आताची औषधंसुद्धा एकटी-दुकटी पुरत नाहीत, तीन-चार मिळून महिनोन्‌महिने द्यावी लागतात तेव्हा तो मरतो. ती औषधं तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. अडुळशानं दादांचा कफ सुटला असेल, जरा बरं वाटलं असेल. बाकी काही होणार नव्हतं. भांडंभर मध घातला असता तरी.’

ती निखाऱ्यांकडे बघत होती. ऐकलं की नाही कळेना. मी पंख्यानं वारा घातला.

‘मेन?’ तिनं विचारलं.

‘हो. मेणासारखं.’

‘मग मेनाला मध काय करनार,’ ती म्हणाली. हळू, स्वतःशीच, एखाद्या पोराला समजावावं तसं.

गोळा तांबडा झाला होता. मी तो फोडला, पाला फडक्यात घेतला आणि पिळला. हात भाजले. वाटीत जेमतेम दोन चमचे रस पडला. तो गार व्हायला आम्ही दोघी बसून राहिलो. खाली पोरांचा क्रिकेटचा आवाज चालला होता. तिनं वाटीच्या बाहेरून तळवा लावून बघितला, एकदा, मग थोड्या वेळानं पुन्हा.

‘झाला गार,’ ती म्हणाली. ‘मधाची बाटली आन. आन् झाकन मलाच उघडू दे.’